रांजणातलं कासव

बाबांनी कासव आणलं ते ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून. उन्हाळ्याचे दिवस होते. पहिल्या पाळीचा भोंगा होऊन गेला होता आणि हिंगणघाटच्या त्या पांढऱ्या उन्हात बाबा रस्त्याच्या कडेकडेनं, सावली शोधत येत होते. मी दारात उभी होते. त्यांच्या काखेत काहीतरी हलताना दिसलं तेव्हा मला वाटलं, कोंबडी असेल.

बाबा कापसाच्या गिरणीत कामाला होते. गिरणीमागच्या हौदातला गाळ काढायचं काम चाललं होतं आणि त्या गाळात हे सापडलं होतं. कोणी म्हणालं, शिजवून खाऊ. बाबांनी मागून घेतलं.

त्यांनी दुपट्टा जमिनीवर सोडला. आत एक काळा, ओला दगड होता. पाठीवर लांबट तीन उंचवटे आणि कडेला फिकट पिवळी रेघ. बराच वेळ काही झालं नाही. मग दगडातून एक सुरकुतलेली मान बाहेर आली आणि तिच्या टोकाचे दोन डोळे आमच्या घराकडे पाहू लागले.

"तुयासाठी आणलं," बाबा मला म्हणाले. पण बोलताना ते आत्याकडे पाहत होते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं तेव्हा ती इतकी लहान होती की सासरी जायच्या आधीच नवरा वारला, आणि ती आमच्याच घरी राहिली. मला जेव्हापासून आठवतं तेव्हापासून पहाटे उठून आंघोळ करायची आणि मधल्या खोलीच्या कोपऱ्यातल्या देवांपुढे बसायचं, हा तिचा नेम. देव घासायचे, पुसायचे, फुलं मांडायची. ओल्या केसांची तिची पाठ पाहतच मी जागी व्हायचे.

आदल्या दसऱ्याला आमच्या घरची सगळी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्यावर बाबांनी देव टोपलीत काढले. आत्यानं टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली, वणा नदीच्या पात्रात उतरली आणि एकेक करून देव पाण्यात सोडले. ती रडली नाही. "ठरवलं ते ठरवलं," म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. सभेला जायचं असलं की आमच्या घरात सगळ्यांच्या आधी तिचंच लुगडं बदलून तयार असे.

पण तिच्या हातांना ते कळलं नव्हतं. समोरच्या भिंतीवर तथागताची तसबीर लागली होती. तिच्यापुढे फूल ठेवायला, मेणबत्ती लावायला कितीसा वेळ लागणार? तेवढं झालं की आत्या मधल्या खोलीत येऊन जुन्या जागी बसायची. भिंतीकडे तोंड करून. मांडीवर दोन्ही हात उताणे. माय चुलीपाशी भाकरी थापता थापता तिच्याकडे पाहायची.

त्या दिवशी कासवाकडे पाहून आत्या म्हणाली, "हे कायले आणलं गा? घरात ठेवाची वस्तू हाय का हे?"

"राहू दे न बाई. पोट्टी खेळंन."

"कुठं ठेवशीन?"

बाबांनी ते विचारात घेतलं नव्हतं. त्यांनी एका घमेल्यात पाणी ओतून त्याला आत ठेवलं. घमेल्याला नखं घासल्याचा असा आवाज सुरू झाला की दात आंबावेत. सकाळी उठून पाहतो तर घमेलं रिकामं. माय, मी, बाबा, सगळी घरभर शोधत होतो. शेवटी अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग होता, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, चुलीसाठी रचलेला, त्याच्या तळाशी आत्याला ते दिसलं. तिनं त्याला दोन्ही हातांनी उचललं. त्याचे पाय हवेत चालत होते. आत्यानं त्याची सुरकुतलेली मान पाहिली आणि म्हणाली, "कुठं चालला रे म्हाताऱ्या?"

तेव्हापासून तो म्हातारा झाला.

घर बांधायचं मनावर घेतलं ते आत्यानंच. अंगणात एक फुटका रांजण पडला होता. वरचा भाग गेलेला, खालचा पसरट अर्धा शाबूत. आत्यानं त्याच्यात पाणी भरून पाहिलं, टिकलं. मग बाबांना म्हणाली, "कोपऱ्यात खड्डा कर."

"कोणत्या कोपऱ्यात?"

"तोच," आत्या म्हणाली.

बाबा क्षणभर कुदळ हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी खणायला सुरुवात केली.

रांजणाचा तो अर्धा आम्ही जमिनीत असा बसवला की काठ बोटभर वर राहील. त्याच्या एका बाजूला विटा चिखलात रचून गुडघ्याएवढा कठडा केला आणि आतल्या जागेत वाळू भरायचं ठरलं. वाळू आणायला आत्या आणि मी सकाळी सकाळी वणेवर गेलो. उन्हाळ्यात वणा म्हणजे इथं एक डोह, तिथं एक डोह, मधे चकाकणारं वाळूचं पात्र. आत्या वाळू मुठीत घेई, बोटांतून सोडून पाही, पुढे जाई. मी विचारलं, "वाळू वाळूच न, आत्या?" ती म्हणाली, "पायाले टोचली तर? त्याचं पोट खालीच राहते घासत." शेवटी पाण्याच्या कडेची बारीक वाळू तिला पसंत पडली. चपटे दगडही आणले, गोटे नव्हेत. चढताना पाय टिकेल असे खरखरीत.

पण दगड रचणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा रचले ते फार उभे झाले. म्हातारा अर्ध्यापर्यंत चढायचा आणि धप्पकन उलटा पाण्यात पडायचा. पोट वर, पाय हवेत. आत्या लगेच हात घालून त्याला सरळ करायची. दुसऱ्यांदा रचले ते हलले. तिसऱ्यांदा तिनं सगळं पाणी काढलं, दगड रुंद पायऱ्यांसारखे बसवले, मधे माती दाबली, आणि वाळूच्या बाजूला रांजणाचा काठ थोडा फोडून वाट केली. त्याला तिथं नखं लागू नयेत म्हणून फुटलेली कड दगडानं घासून गुळगुळीत केली. घासताना ती काहीतरी गुणगुणत होती. माय चुलीपासून वळून पाहत राहिली. भाकरी करपली तेव्हा तिला कळलं.

मग पाणी. म्हातारा पायऱ्या चढला, वाटेवर थांबला, वाळूवर उतरला आणि कठड्याच्या सावलीत मान लांब करून झोपला.

एक दिवसाआड पाणी बदलायचं, हे काम माझ्याकडे आणि आत्याकडे. ती लोट्यानं उपसायची, मी बादली ओढत अंगणात न्यायचे आणि ढेमशाच्या वेलाला ओतायचे. रांजण नुसता विसळायचा, राखेनं घासायचा नाही. राखेनं त्याचे डोळे चुरचुरतील असं आत्याचं म्हणणं. खाण्याचं आम्ही शिकत गेलो. भात त्यानं तोंडात घेऊन सोडून दिला. पालक खाल्ला, पिकलं भेदरं, म्हणजे टोमॅटो, खाल्लं, आणि भेदऱ्याचा लाल रस तोंडाला लागला की तो पान खाल्लेल्या पाटलासारखा दिसायचा. मोरीच्या ओल्या मातीत उकरून मी गांडुळं काढायचे. आत्याला ते पाहवायचं नाही. ती तोंड फिरवून म्हणायची, "दे, दे, त्याचंबी पोट हाय."

रांजणाची ओल आजूबाजूच्या जमिनीत झिरपायची. त्या कडक उन्हाळ्यात घरातली सगळ्यात थंड जागा ती झाली. दुपारी आम्ही दोघी कठड्याकडे डोकं करून आडव्या होत असू. बाहेर ऊन भाजत असे आणि माझ्या कानाशी पाण्याचा बारीक आवाज. मध्येच टपकन काहीतरी बुडे. मी अर्धी झोपेत, अर्धी जागी. कधी वाटे, आमचं घर डोहाच्या तळाशी आहे, वर कुठंतरी माणसं बोलतात आणि त्यांचे शब्द खाली येईतो विरघळून जातात.

शेजारच्या शेतकऱ्याच्या घरची काकू कधी कधी ताक घेऊन यायची. आमच्या अंगणापर्यंत ती पूर्वीपासून येई. घरात मात्र पहिल्यांदा आली ती कासव पाहायला. उंबऱ्यापाशी थोडी थबकली, मग आत आली. वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगाई! देवळात दगडाचं असते, अस्संच. हुबेहूब. तुम्ही पाह्यलं असंन न?"

आत्या पालक तोडत होती. "आम्ही कुठून पाहू, वैनी," ती म्हणाली. "आम्हाले आत कुठं जाऊ देत होते."

काकूचा चेहरा उतरला.  मग आत्यानंच पालकाचं पान तिच्यापुढे धरलं. "घ्या, तुम्ही द्या. बोट नका पुढं करू, चावते." काकू खाली बसली. म्हाताऱ्यानं पान ओढलं तशी ती लहान मुलीसारखी किंचाळली आणि हसली. त्यानंतर ती येतच राहिली. शेतातून येताना ओटीत चिवळ, घोळ, असली काहीबाही रानभाजी म्हाताऱ्यासाठी घेऊन यायची.

पाऊस लागला आणि ढग बसले. खोलीत दिवसाही अंधार. म्हातारा आधी सुस्त झाला, मग खायचाच थांबला. डोळे सुजून मिटले. आत्यानं एकदा त्याला उचललं आणि तिचा चेहरा बदलला.

"हात लाव," मला म्हणाली.

मी पाठीच्या कडेला बोट लावलं. कडक असायची ती पाठ भिजलेल्या चामड्यासारखी दबत होती.

"नदीत सोडून या त्याले," माय म्हणाली. "घरात मेलं त मनाले लागंन."

"नदीले पूर हाय," आत्या म्हणाली. "डोळे मिटून कसा जाईन तो?"

त्या दुपारी थोडी उघडीप झाली. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली आणि जमिनीवर पडली. आत्यानं म्हाताऱ्याला रांजणातून काढून जमिनीवर ठेवलं होतं, आणि तो मिटल्या डोळ्यांनी त्या पट्टीकडे निघाला. पोहोचला, आणि तिच्यात पाय पसरून पडला. पट्टी सरकली तसा तोही सरकला. आत्या भिंतीला टेकून ते पाहत होती.

बाबा घरी आले तेव्हा ती म्हणाली, "ह्या कोपऱ्यावरचे दोन कवेलू काढ."

"पावसाळ्यात? अवो बाई, घर भिजंन!"

"भिजू दे. त्याले ऊन पाहिजे. खरं ऊन, आंगावर."

बाबा हसले, वैतागले, आणि छपरावर चढले. त्यांनी छपराच्या कौलांपैकी ते दोन कवेलू पूर्ण काढले नाहीत. असे बसवले की खालून बांबूनं ढकलले तर बाजूला सरकतील आणि परत ओढता येतील. मग आमच्या घरात एक नवीनच धावपळ सुरू झाली. ऊन पडलं की आत्या बांबू घेऊन कवेलू सरकवायची आणि उन्हाचा चौकोन नेमका वाळूवर पडायचा. ढग आला की माय स्वयंपाकातून ओरडायची, "बाई, कवेलू! कवेलू!" आणि आत्या हातातलं टाकून धावायची. कधी पोहोचायला उशीर व्हायचा. मग वाळू, म्हातारा, आत्या, सगळेच भिजायचे. घरात ऊन येण्याची चिन्हं दिसत नसली तर ती त्याला पदरात घेऊन अंगणात बसायची आणि ढगांकडे पाहत राहायची.

नदीकाठचे बारके शंख ठेचून ती त्याच्यापुढे ठेवायची. तो तोंड लावायचा नाही. सुजल्या डोळ्यांवर ती कोमट पाण्यात भिजवलेल्या चिंधीनं शेक द्यायची. आणि एके सकाळी मला हाक आली, "पोरी! इकडे ये, लवकर!" मी धावले. म्हाताऱ्याचा एक डोळा उघडा होता. बारीक, काळा, ओला. आत्याच्या बोटातला शंखाचा तुकडा त्यानं कचकन तोडला. आत्यानं बोट झटकलं. रक्त आलं होतं. ती बोट तोंडात घालून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यानंतरचा हिवाळा माझ्या मनात एकाच लांबलचक दुपारीसारखा राहिला आहे. आकाश स्वच्छ झालं होतं. कवेलू दिवसभर उघडे असत. ऊन सरकत सरकत पाण्यावर आलं की पाण्यातला उजेड उठून छपराच्या आतल्या बांबूंवर नाचू लागे. म्हातारा पाण्यात वळला की ते उजेडाचे वळसे घरभर पसरत: भिंतीवर, तसबिरीवर, मायच्या डब्यांवर, आत्याच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर. मी पडल्या पडल्या पाहत असे. मला अजूनही खात्री नाही की त्यातलं किती मी पाहिलं आणि किती स्वप्नात पडलं. उजेड हलत असे, गिरणीचा आवाज दुरून घुमत असे, आणि आत्या म्हाताऱ्याशी बोलत असे.

अशाच एका दुपारी ती त्याला सांगत होती, का मला, ते कळलं नाही. "लग्नात मले कोणंतरी खांद्यावर घेतलं होतं. हळदीचा वास येत होता. मले झोप लागली खांद्यावरच."

"आणि नवरा?" मी विचारलं.

"होता. बाजूले बसला होता. त्याचा हात लागला होता मले, गरम होता हात, ताप असल्यावानी." ती थांबली. "पण त्याचं तोंड आठवत नाई. लय आठवून पाह्यलं. नाईच येत."

तिनं हे आधी कधीच सांगितलं नव्हतं. मायलाही नाही, असं मायनं मला पुढे सांगितलं.  उजेडाचा एक वळसा तिच्या गालावरून गेला.

हिवाळा संपत आला तेव्हा म्हातारा वाळू उकरू लागला. मागच्या पायांनी, सावकाश, जणू काही विचार करत. आम्हाला वाटलं, त्याला पळायचं असेल. सकाळी आत्या वाळू सारखी करायला गेली आणि तिचा हात थबकला. वाळूत तीन अंडी होती. लांबट, पांढरी, चुन्याच्या खडूसारखी कडक.

आत्यानं आधी अंड्यांकडे पाहिलं, मग कासवाकडे. मग ती इतक्या मोठ्यानं हसली की बाबा आंघोळ अर्धी सोडून, टॉवेल गुंडाळून धावत आले.

"काय झालं? काऊन हसून राह्यली?"

"म्हातारा नाई गा हा! म्हातारी हाय! अन् म्हातारी तरी कायची!"

काकू आली, माय आली. सगळ्या बायका कठड्याभोवती बसल्या होत्या आणि बाळंतीण पाहायला आल्यासारख्या बोलत होत्या. काकूनं तर खरंच डिंकाच्या लाडवाची गोष्ट काढली. आत्यानं अंडी वाळूनं झाकली आणि त्या जागेभोवती काड्या रोवल्या. कवेलूतून येणारं ऊन त्याच्यावर कधी येतं, कधी सरकतं, ती पाहायची. वाळू कोरडी पडली तर बोटांनी पाणी शिंपडायची.

उन्हाळा आला, वाळू तापली. काही झालं नाही. पुन्हा पाऊस आला. मायला आणि काकूला कारण माहीत होतं. दोघी चुलीपाशी हळू आवाजात बोलत आणि आत्या आली की भाजीचा विषय काढत. मी एकदा मायला विचारलं, "पिल्लं कधी निघतीन?" तर तिनं माझा हात दाबून मला गप्प केलं.

शेवटी आत्यानंच एक अंडं उचललं आणि कवेलूच्या उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरलं. मग वाटीत फोडलं. आत नुसतं पिवळं, दाटलेलं.

"नर नाई त पिल्लू कुठून होईन," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मले काय हे समजत नव्हतं? तुम्ही दोघी उगीच कुजबुजत राहता."

माय ओशाळली. आत्या म्हणाली, "पूर ओसरला का हिले सोडू."

मी रडले, भांडले, जेवले नाही. "तिनं इथंच राहावं. आपण दुसरं कासव आणू, नर आणू!"

आत्या माझ्याजवळ बसली. "मलेबी ठेवावं वाटते," ती म्हणाली. "तुयापेक्षा मलेच जास्त वाटते. पण पाह्य न बाई, तिले रांजणाचा काठ लागते. ती वळते न काठ लागते, वळते न काठ लागते. म्या रोज पाहतो."

नदी निवळली होती तेव्हा आम्ही गेलो. बाबाही आले, काकूही आली. पाणी काठाला हिरवं आणि मधे निळं होतं. आत्यानं तिला कडेच्या वाळूवर ठेवलं. ती हलली नाही. मान बाहेर काढून हवेचा वास घेत राहिली. माझ्या मनात आलं, नाहीच जाणार. मग ती चालू लागली. पाणी पायांना लागताच तिचं सगळं अवघडलेपण गळून पडलं. घरात मी तिला इतकं पोहताना कधी पाहिलंच नव्हतं. तिथं जागाच नव्हती. एक काळी सावली तळाशी गेली आणि हिरव्यात मिसळली.

आम्ही उभे राहिलो. दूर एक डोकं वर आलं, बोटाएवढं, आणि परत खाली गेलं. काकू म्हणाली, "तीच." बाबा म्हणाले, "दुसरं असंन."  आत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. बाबा घाबरून ओरडले, "बाई! कुठं चालली? पाणी खोल हाय!"

"थंड लागून राह्यलं पायाले," ती म्हणाली. "राहू दे जराक."

बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा चेहरा शांत होता, थोडा विचारात पडल्यासारखा. घराच्या वाटेवर ओलं लुगडं तिच्या पायांना चिकटत होतं आणि उन्हात वाळत होतं. अर्ध्या वाटेवर ती बाबांना म्हणाली, "तुले पोहता येते न गा?"

"येते. काऊन?"

"मले शिकव."

बाबा थांबले. आमच्याकडे त्या वयाच्या बाया पोहत नसत. नदीवर कपडे धूत, हंडे भरत. "लोक हसतीन, बाई."

"हसू दे."

पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी तिला शिकवलं. पहाटे, बायका धुणं घेऊन यायच्या आधी. कमरेला भोपळा बांधून. पहिल्यांदा तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, ती खोकली, बाबांना शिव्या दिल्या, आणि पुन्हा शिरली. लोक हसले. नंतर काकू आपल्या सुनेला घेऊन काठावर येऊन बसू लागली, आणि एक दिवस सून पाण्यात पाय सोडून बसली.

आत्याला भोपळ्याशिवाय पोहता येऊ लागलं ती सकाळ मला दिसते. डोहाच्या मधोमध ती उताणी पडली होती. लुगड्यात हवा भरून ते तिच्याभोवती फुगलं होतं. हात पसरलेले, डोळे मिटलेले. सूर्य नुकताच वर येत होता आणि पाण्यावरून वाफेसारखं काहीतरी उठत होतं. मी काठावरून हाका मारत होते, "आत्या, भाकरी आणली! आत्या!" तिचे कान पाण्याखाली होते. तिला ऐकूच येत नव्हतं.